सेफ्टीत चिकटावं कसं?

इंजिनिअरिंग झालं, कॅम्पसला कुणी उचललं नाही, आयटीवाले फोन उचलत नाहीत आणि घरात जेवताना रोज ‘पुढं काय?’ विचारलं जातंय. अशा वेळी एखादे लांबचे काका सांगतात, ‘सेफ्टीत जा, लई स्कोप आहे.’ काका स्वतः विम्याच्या धंद्यात असतात. पण ते खोटं सांगत नाहीत, हे आधीच नमूद करतो.

स्कोप कुठून आला ते समजून घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४०-ब हे कलम १९७६ च्या दुरुस्तीनं आलं. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर कारखान्यानं सेफ्टी ऑफिसर नेमायचा. पुढे १९८४ मध्ये भोपाळ घडलं आणि १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांसाठी त्या कायद्यात वेगळं प्रकरणच घातलं गेलं. २०२० च्या नव्या संहितेनं हजाराचा आकडा पाचशेवर आणला, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात आणि बांधकामावर अडीचशेवर. थोडक्यात, तुमची नोकरी कुणाच्या कळकळीतून निघालेली नाही, कलमातून निघालेली आहे. मालकाला ऑडिटच्या फाइलीत एक नाव हवं असतं. ते नाव तुमचं असावं, एवढंच आपलं पहिलं उद्दिष्ट.

आता शिक्षण. क्लासच्या जाहिरातीत हेल्मेट घातलेला गोरागोमटा तरुण अंगठा वर करून हसत असतो. त्याच्या हनुवटीखाली पट्टा लावलेला आहे का, तेवढं बघा. बहुधा नसतो. त्या क्लासला पैसे भरू नका. तुम्हाला हवा तो औद्योगिक सुरक्षेचा सरकारमान्य डिप्लोमा, ज्याला सगळे ‘एडिस’ म्हणतात. राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थांत तो होतो. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थाही आहे. कोकणातल्या मुलांना शेजारचा आखातातला दादा ‘नेबॉश कर’ म्हणून सांगतो. ती परीक्षा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मंडळाची. दुबई, कतारला जायचं तर तिचा उपयोग होतो, पण इथल्या कायद्यातल्या सेफ्टी ऑफिसरच्या पदासाठी ती डिप्लोम्याची जागा घेत नाही. ही गोष्ट क्लासवाले फी भरून झाल्यावर सांगतात.

डिप्लोमा हातात आला, की खरी गंमत सुरू होते. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे इंजिनिअरला कारखान्यात दोन वर्षं देखरेखीच्या कामाचा अनुभव हवा, इंजिनिअरिंगचा नुसता डिप्लोमा असलेल्याला पाच. म्हणजे नोकरी लागण्यासाठी आधी नोकरी लागलेली हवी. पोर्टलवरच्या जाहिराती याच्याही पुढं गेलेल्या असतात. ‘फ्रेशर पाहिजे, अनुभव ३ ते ५ वर्षे, स्वतःची दुचाकी आवश्यक.’ यातली दुचाकी तेवढी बहुतेकांकडे असते.

म्हणून पहिली नोकरी ‘ऑफिसर’ची नसते, ‘सेफ्टी सुपरवायझर’ची असते, तीही कंपनीत नाही, कंपनीच्या ठेकेदाराकडे. लाजू नका, सगळे इथूनच आलेले आहेत. बांधकामाच्या साइटी आहेतच. शिवाय केमिकल पट्ट्यात, म्हणजे तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे या भागांत, प्लांट वर्षातून एकदा बंद ठेवून दुरुस्ती करतात, त्याला शटडाउन म्हणतात. तेव्हा ठेकेदारांना एकदम खंडीभर सुपरवायझर लागतात. काम पंधरा-वीस दिवसांचं, ड्युटी बारा तासांची, राहायला एका खोलीत सहाजण. पण एका शटडाउनमध्ये जेवढे परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाचे लेखी परवाने, बघायला मिळतात, तेवढे ऑफिसात बसून वर्षभरात मिळत नाहीत. माझं मत विचाराल, तर एसीतल्या ‘ट्रेनी’पेक्षा हे घ्या.

मुलाखत सोपी असते. आगीचा त्रिकोण, हॅझर्ड आणि रिस्क यांतला फरक, इलेक्ट्रिक पॅनलला आग लागली तर कुठला सिलिंडर. पाण्याचा म्हणालात तर तिथंच चहा येतो आणि ‘आम्ही कळवतो’ म्हणतात. बंद टाकीत उतरताना ऑक्सिजन किती हवा, हेही विचारतील. मोकळ्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली माणूस आत सोडायचा नाही.

कामावर पहिल्या सकाळी तुम्हाला हेल्मेट मिळेल. बऱ्याच साइटींवर सेफ्टीवाल्याचं हिरवं असतं. ही नुसती रूढी आहे, तरी फायद्याची: तुम्ही दोनशे फुटांवर दिसलात, की वरचे सगळे हार्नेसचे हूक लावतात आणि पाठ फिरली की काढतात. मग टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधी कामगारांशी सुरक्षेबद्दल थोडक्यात बोलणं. नियम म्हणतो, सेफ्टी ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. तुम्ही रात्रभर जागून मराठीत भाषण तयार कराल आणि समोर झारखंड, बिहार, ओडिशाची पोरं उभी असतील. तेव्हा हिंदीचा सराव ठेवा, आणि पाच मिनिटांच्या वर बोलू नका. ऊन त्यांनाही लागतं.

यानंतर कागद. चेकलिस्टा भरा, फोटो काढा, फोटोंचा पीपीटी करा. गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ असा फलक असतो. तो आकडा वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे अपघात न होऊ देणं. त्याहून सोपा म्हणजे न लिहिणं. बोट चेपलेल्या माणसाला पट्टी बांधून ‘घरी जा, हजेरी लावतो’ म्हणतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून तो दिवस. मग आठवडाभर शपथ, घोषवाक्य स्पर्धा, बॅनर, लाडू. ११ मार्चला बॅनर उतरवायला जो माणूस शिडीवर चढतो, त्याची शिडी धरायला कुणी नसतं.

आता या नोकरीतलं खरं शिक्षण. ते एका वाक्यात येतं आणि ते वाक्य तुम्ही रोज ऐकाल: ‘साहेब, दोनच मिनिटांचं काम आहे.’ गार्ड काढून बेल्ट सरकवणं दोन मिनिटांचं, पाइपरॅकवर चढून एक बोल्ट आवळणं दोन मिनिटांचं. वर बघा, फिटरमामांनी हार्नेस अंगात नीट घातलाय, पट्टे चापून बसलेत, आणि दोन्ही हूक त्यांच्याच कमरेच्या पट्ट्याला अडकवलेत. ‘लावलाय की!’ असं ते वरून सांगतात, आणि शब्दशः ते खरंच असतं. ओरडू नका. मामा वीस वर्षं असेच चढताहेत आणि अजून पडलेले नाहीत; हाच त्यांचा पुरावा आहे, आणि तुमच्या डिप्लोम्यापेक्षा तो त्यांना भक्कम वाटतो. खाली बोलवा, हूक लावायला तिथं पाइप किंवा लाइफलाइन आहे का ते विचारा. पुष्कळदा नसतेच. मग चूक मामांची नाही, आणि ती ज्यांची आहे ते ऑफिसात बसलेले असतात.

दुसरी परीक्षा संध्याकाळी होते. शिफ्ट संपत आलेली, तुम्ही कॅन्टीनमध्ये, आणि ठेकेदाराचा माणूस परमिटचं बुक घेऊन चहाच्या टेबलावर येतो. ‘टाकीचं परमिट आहे, सही मारा.’ इथं चहा टाकून उठायचं आणि टाकीपर्यंत चालत जायचं. गॅस मीटर नळीनं वर, मध्ये आणि तळाशी लावून रीडिंग बघायचं, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखे जड वायू तळाला बसतात. आत सोडलेला दिवा २४ व्होल्टचाच हवा. तोंडाशी एक माणूस नावानिशी बाहेर उभा हवा. तो तंबाखू मळायला गेला असेल तर काम बंद. आत एकजण कोसळला, की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि मग तिसरा, अशा बातम्या गटारांच्या आणि सेप्टिक टाक्यांच्या बाबतीत आपण दरवर्षी वाचतो. बाहेरच्या माणसाचं काम उतरायचं नसतं, उतरू द्यायचं नसतं. हे सगळं करायला अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात तुम्हाला प्रॉडक्शनवाल्यांचे चार फोन येतात. परमिटवर सही तुमची असते. काही झालं तर ‘सेफ्टीवाला कुठं होता?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि अँब्युलन्सला नंतर फोन जातो.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतील, तेव्हा पगार विचारू नका, तो ठरलेलाच असतो. विचारा: ‘काम थांबवायचा अधिकार मला आहे का, आणि तो लेखी आहे का?’ प्लांट हेड एचआरच्या तोंडाकडे बघायला लागले, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा. जागा पुष्कळ आहेत. काका म्हणाले ते खरं आहे.

आणि जॉइन होण्याआधी स्वतःच्या खर्चानं सेफ्टी शूज घेऊ नका, पगारातून कापूही देऊ नका. जुन्या कायद्यातही आणि नव्या संहितेतही ते फुकट द्यायची जबाबदारी मालकाची आहे.