तुझ्यासाठी थांबलो होतो

बडोद्यात थंडी पडली की बाजारात उंधियूची पापडी येते आणि रस्त्यावर जोडीनं धावणारा नवरा येतो. पहाटे साडेपाचला तो कमाटीबागेच्या दरवाजाशी उभा असतो. पाटीवर सयाजीबाग असलं तरी तो कमाटीबागच म्हणणार, कारण दांडिया बाजारात त्याची ही तिसरी पिढी. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्याला पट्टी, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, कमरेला चार छोट्या बाटल्या आणि शेजारी बायको. शेजारी म्हणजे आत्ता, दरवाजापाशी. नंतरचं नंतर.

एकट्यानं पळणाऱ्यांची त्याला कीव येते. "आम्ही दोघं धावतो," असं तो दूधवाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगतो. कल्पना अर्थात त्याचीच. मेडिकलमध्ये साखर जरा वर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, यानं धावायचं ठरवलं, आणि एकट्यानं कशाला दमायचं म्हणून फॉर्मवर बायकोचंही नाव घातलं. तिला विचारलं होतं का? "सांगितलं होतं ना!" यानं बूट अल्कापुरीतून आणले, पायाचा ठसा काढून, यंत्रावर दोन मिनिटं पळून वगैरे. ती मुलगी कॅनडाला जाताना मागे ठेवून गेलेले बूट घालते. पुढे एक मोजा जास्त कोंबते, की झालं.

शरीरसंपदेचा विषय निघाला की तो आजोबांवर जातो. आजोबांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात खुद्द प्रोफेसर माणिकरावांच्या नजरेखाली मल्लखांब केला होता. म्हणून व्यायाम त्याच्याही रक्तात आहे. आजोबांपासून नातवापर्यंत येताना त्या रक्तात भाखरवडी, लिलो चिवडा आणि रविवारचं सेव-उसळ किती मिसळलं, याचा हिशेब त्यानं मांडलेला नाही.

आता धावणं. पहिला किलोमीटर तो तिचा गुरू असतो. "अगं, खांदे सैल सोड. टाच आधी टेकवू नकोस. श्वास नाकानं." ती हो म्हणते. जाणते धावपटू एक साधी परीक्षा सांगतात: सरावाच्या वेगात माणसाला बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. ही परीक्षा यानंच तिला शिकवली. काळ्या घोड्याच्या सर्कलपर्यंत ती या परीक्षेत उत्तम पास होऊ लागते. आधी गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, मग गच्चीची गळती, मग नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीला आपल्याला दिलेला मान, मग त्याआधीच्या लग्नात न दिलेला. घरी या विषयांवर त्याची मतं असतात. इथे त्याला फक्त "हं" जमतो, पुढे तोही अर्धाच येतो. माझा असा दाट संशय आहे की बडोद्यातल्या निम्म्या बायका या एका सोयीसाठी पहाटे उठतात.

बरोबरीच्या बाबतीत मात्र तो पक्का सयाजीरावांच्या राज्यातला. दम लागून फुटपाथवर बसला की इतिहास सांगतो. 1914 साली न्यायमंदिरातल्या सभेत महाराणी चिमणाबाई पडदा सोडून महाराजांच्या शेजारी बसल्या. आमच्या बडोद्यात बायका तेव्हापासून बरोबरीनं आहेत. "अहो, शेजारी बसल्या होत्या," ती जागच्या जागी पाय हलवत म्हणते, "पळत असत्या तर महाराणींना सारखं मागे वळून बघावं लागलं असतं."

खरं तर जोडीनं चालण्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं 7 वं कलम सांगतं की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे वधूवरांनी अग्नीसमोर एकत्र घातलेलं सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. एकत्र, आणि सातच! कलम लिहिणारे व्यवहारी होते. हाफ मॅरेथॉनच्या 21 किलोमीटरांत 20 हजारांच्या वर पावलं पडतात, तेवढी अट घातली असती तर देशात फारशी लग्नं लागली नसती. फिनलंडमध्ये सोन्काय्यार्वी नावाच्या गावी नवऱ्यानं बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत असते, पण तीही 253.5 मीटरांची. बक्षीस बायकोच्या वजनाइतकी बिअर. हे ऐकून आमच्या गृहस्थाचे डोळे चमकले होते. मग आपण गुजरातेत राहतो हे आठवून विझले.

या जातीचा आद्यपुरुष मला विचाराल तर बोस्टनचा. 1967 मध्ये कॅथरिन स्विट्झर 261 नंबर लावून तिथल्या मॅरेथॉनमध्ये उतरली. तेव्हा बायकांना तिथे अधिकृत प्रवेश नव्हता. एका अधिकाऱ्यानं वाटेत तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचा मित्र टॉम मिलर यानं त्याला असा धक्का दिला की तो बाजूला उडाला. मिलर हातोडाफेक करणारा धिप्पाड गडी. त्या धक्क्याचं छायाचित्र जगभर गेलं. छायाचित्रात नसलेला भाग असा की थोड्या वेळानं हाच मिलर आता आपलं ऑलिंपिक बुडणार म्हणून तिच्यावर चिडला, तू फार हळू पळतेस असं सुनावून पुढे निघून गेला, आणि पुढे तिला वाटेत चालताना भेटला. तिनं शर्यत पूर्ण केली, तो तिच्या बऱ्याच मागून आला. दुसऱ्या वर्षी दोघांनी लग्न केलं. ते टिकलं नाही, पण तो वेगळा विषय.

आमच्या गृहस्थाला हा प्रसंग धक्क्यापर्यंतच ठाऊक आहे.

शर्यतीच्या दिवशी नवलखी मैदानावर अंधारातच ढोल सुरू असतात. सुटण्याआधी तो करार सांगतो: कोणी कोणाला सोडायचं नाही, शेवटची रेघ हात धरून ओलांडायची, फोटोवाल्याकडे बघून. सहाव्या किलोमीटरला तो बुटाची नाडी बांधतो. नवव्याला पुन्हा बांधतो. ती दोन्ही वेळा थांबते. अकराव्याला नाडी सुटलेली नसतानाच तो वाकलेला दिसतो, तेव्हा ती म्हणते, "अहो, तुम्ही या सावकाश." नवऱ्याच्या कानाला हे वाक्य सेवानिवृत्तीच्या पत्रासारखं लागतं. "तू हो पुढे," तो उदारपणे म्हणतो. ती केव्हाच झालेली असते.

इथून पुढे तो सगळ्या पाणीवाल्यांचा पाहुणा. संत्र्याची फोड घेतो, मीठ चाटतो, स्वयंसेवक पोरांना योग्य वेगाबद्दल चार शब्द सांगतो. कोपऱ्यावरचे गुजराती काका खुर्चीतून ओरडतात, "साहेब, भाभी तो क्यारनां आगळ नीकळी गयां!" त्यांनाही तो सांगतो की आमचं तसंच ठरलं होतं.

शेवटी ती रेघेच्या अलीकडे थांबलेली असते. पदक घेऊन मोकळी होऊ शकली असती, पण कडेला उभी राहून वाट पाहते, कारण हात धरून फोटो ठरला होता ना! दोघं हात धरून येतात, फोटो सुरेख निघतो. छातीवरच्या नंबराला लावलेली चिप मात्र वाटेतल्या प्रत्येक पट्टीवर कोण कधी गेलं हे लिहून ठेवते. संध्याकाळी मोबाईलवर निकाल येतो. शेवटची वेळ दोघांची जवळजवळ सारखी, आणि पंधराव्या किलोमीटरला तो तिच्या वीस मिनिटं मागे. जावई कॅनडाहून फोनवर निकाल मोठ्यानं वाचतो.

"मध्ये हिला जरा त्रास व्हायला लागला," तो पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवून सांगतो, "म्हणून मी वेग कमी केला. तिच्यासाठी थांबलो होतो."

ती बादलीत मीठ टाकते, काही बोलत नाही. पुढच्या वर्षीचा फॉर्म ती स्वतः भरते. आपल्या नावापुढे 42, त्याच्या नावापुढे 5.

"अहो, पाच म्हणजे तुम्ही लवकर मोकळे व्हाल," ती म्हणते. "मग टॉवेल घेऊन उभे राहा. आणि हो, माझ्यासाठी थांबा."