स्पर्धेसाठी ॲप बनवण्याचा शास्त्रोक्त विधी

स्पर्धेसाठी ॲप करायला बसलेल्याने सर्वात आधी डोक्यातून एक माणूस काढून टाकावा: ते ॲप रोज वापरणारा. त्याचे पुढे बघता येईल. सध्या महत्त्वाचा आहे तो परीक्षक, आणि त्याच्याकडे फार तर सात मिनिटे आहेत.

या विचाराला परंपरेचा भक्कम आधार आहे. गूगलने नोव्हेंबर 2007 मध्ये अँड्रॉइडची घोषणा केली आणि पाठोपाठ ॲप करणाऱ्यांसाठी एक कोटी डॉलरची बक्षिसे लावली. तेव्हा जगातल्या एकाही दुकानात अँड्रॉइडचा फोन मिळत नव्हता. पहिला फोन, टी-मोबाइलचा जी-वन, ऑक्टोबर 2008 मध्ये आला. प्रवेशिका घेणे एप्रिलमध्येच संपले होते. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच. तरीही 1,788 प्रवेशिका आल्या. सगळी ॲप्स एम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या लुटुपुटूच्या फोनवर, घासूनपुसून तयार केलेली. वापरणारा माणूस तर सोडाच, वापरायचे यंत्रही नसताना पहिल्या फेरीतल्या 50 जणांना प्रत्येकी 25 हजार डॉलर मिळाले आणि शेवटच्या फेरीतल्या पहिल्या दहा मानकऱ्यांना प्रत्येकी पावणेतीन लाख. त्या दहांत ‘लाइफ360’ होते. घरातले कोण कुठे आहे हे नकाशावर दाखवणारे हे ॲप आजही चालते, त्याची कंपनी शेअर बाजारातही आहे. घरच्यांवर नजर ठेवण्याच्या धंद्याला मंदी कशी येणार?

विषय निवडताना ताजे संकट पाहावे. भारत सरकारने 29 जून 2020 रोजी टिकटॉकसह 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि पाचच दिवसांनी, 4 जुलैला, ‘आत्मनिर्भर भारत ॲप इनोव्हेशन चॅलेंज’ जाहीर केले. पहिले बक्षीस 20 लाखांचे. प्रवेशिका 6,940. ही संधी साधायची तर तयारी केव्हा सुरू करावी? घोषणेच्या काही वर्षे आधी. कारण पहिल्या टप्प्यात आधीपासून तयार असलेली ॲप्सच मागवली होती. कार्यालयीन कामाच्या गटात झोहो पहिली आली, ती कंपनी 1996 पासून सॉफ्टवेअर करते आहे. एवढ्या लवकर जन्माला येणे ज्यांना जमले नाही, त्यांनी समाजमाध्यमांच्या गटाकडे पाहावे. तिथे बक्षीस मिळवलेले ‘कू’ तेव्हा काही महिन्यांचेच होते. परीक्षकांना ते आवडले, पुढे मंत्र्यासंत्र्यांनाही आवडले. जुलै 2024 मध्ये ते बंद पडले.

अंतिम तारखेला मात्र घाबरू नये. गूगलच्या स्पर्धेत ती 3 मार्चवरून 14 एप्रिलवर गेली, भारत सरकारच्या स्पर्धेत 18 जुलैवरून 26 जुलैवर. सहा आठवडे आणि आठ दिवस यांतला फरक विद्यार्थ्यांनी स्वतः अभ्यासावा. मुदतवाढ मिळणारच असे गृहीत धरून पहिला पंधरवडा नाव, बोधचिन्ह आणि टी-शर्टचा रंग यांवर खर्च करणे इष्ट.

मुदतवाढ मिळत नाही ती हॅकेथॉनमध्ये. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची पहिली अंतिम फेरी 1 आणि 2 एप्रिल 2017 रोजी सलग 36 तास चालली (तारखेवरून विनोद सुचला तर तो परीक्षकांसमोर करू नये). एवढ्या वेळात सहा जणांच्या चमूत दोघे कोड लिहितात, एक स्लाइड करतो, एक वायफायचा पासवर्ड विचारत हिंडतो आणि दोघे झोपतात. झोपणाऱ्यांपैकी एकाला पहाटे उठवून तोंड धुवायला लावावे. सादरीकरण त्यानेच करायचे असते, कारण त्याचेच डोळे उघडे राहतात.

सादरीकरण म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मुलीला गाता येते का असे विचारले की तिने बसवलेले एकच गाणे म्हणावे, तसे ॲपनेही एकाच वाटेने चालावे. ती वाट आदल्या रात्री पन्नासदा चालून बघावी. सर्व्हरकडून यायची माहिती कोडमध्येच लिहून ठेवावी. सभागृहातल्या नेटवर विसंबून राहणारे अनेक जण ‘लोडिंग’चे चक्र दाखवून घरी गेले आहेत. लॉगिन ठेवूच नये. ओटीपी येतो, पण तोवर व्यासपीठावर पुढचा चमू आलेला असतो. परीक्षकाने चुकून फोन हातात मागितलाच, तर चार्जिंग संपत आल्याचे सांगून नम्रपणे नकार द्यावा.

बक्षीस मिळाल्यावर फोटो काढावा, गावाकडच्या वर्तमानपत्राला पाठवावा आणि मग, फारच हौस असेल तर, ॲप खरोखर लोकांच्या फोनवर पोचवण्याच्या मागे लागावे.

इथे काढून टाकलेला माणूस परत येतो, तोही एकटा नाही. प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच 25 डॉलर पडतात. त्याचे काही वाटत नाही. पण नोव्हेंबर 2023 नंतर वैयक्तिक खाते उघडणाऱ्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी चाचणी करणारी माणसे दाखवावी लागतात. आधी वीस लागत, आता बारा. आणि ती सलग 14 दिवस चाचणीत टिकली पाहिजेत. देशभरातून आलेल्या हजारो चमूंना हरवलेला विजेता मग आत्या, मामा, शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर आणि इस्त्रीवाला यांचे जीमेलचे पत्ते गोळा करत फिरतो. “अरे, हे उघडतं कुठून?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एकाही स्लाइडमध्ये नसते.

सात-आठ दिवस सुरळीत जातात. तेराव्या दिवशी काका फोन करून अभिमानाने सांगतात, की ॲप बंद कसे करायचे ते कळत नव्हते, शेवटी ‘चाचणीतून बाहेर पडा’ असे लिहिलेले एक बटण सापडले आणि त्यांनी ते दाबून टाकले. उरले अकरा. विजेत्याने न चिडता इस्त्रीवाल्याच्या मेहुण्याचा पत्ता विचारावा.