मामा आणि पी ०४०१

आमच्या गाडीला एकच वाक्य येतं, आणि ते ती अधूनमधून म्हणून दाखवते. सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे हजेरी दिल्यासारखे एकदम लागतात, आणि इंजिन सुरू झालं की शहाण्यासारखे विझतात. एक मात्र मागे राहतो. नारिंगी. त्यातलं चित्र इंजिनाचं आहे असं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय. मला ते कायम चुकून किनाऱ्याला लागलेल्या पाणबुडीसारखं वाटत आलंय. लाल दिवा लागला तर गाडी आहे तिथे थांबवायची असते. नारिंगी दिव्याचं तसं नाही. तो म्हणतो, सवडीनं बघा. आणि सवडीनं बघा म्हणणाऱ्याकडे माणसं जितपत बघतात, तितपत आम्ही त्याच्याकडे बघतो.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. मिस्त्री तिथे स्कॅनर लावतो आणि पडद्यावर उमटतं: पी ०४०१. हे प्रकरण पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला त्याच्या रचनेचं फार कौतुक वाटलं. पहिलं अक्षर सांगतं की दुखणं इंजिन-गिअरबॉक्सच्या प्रांतातलं आहे, ब्रेकच्या नव्हे की एअरबॅगच्या नव्हे. पुढचं शून्य सांगतं की हा कोड कुठल्या एका कंपनीचा नाही, सगळ्यांचा आहे. चार म्हणजे धूर काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेची आळी, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे घर नंबर. पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी जंबुद्वीपापासून निघतात आणि भरतखंड, नदी, तीर असं करत करत पाटावर बसलेल्या यजमानापाशी येऊन पोचतात, तसंच हे. यजमानाला नेमकं काय झालंय हे मात्र गुरुजी सांगत नाहीत, आणि कोडही सांगत नाही. पत्ता मिळतो. कारण मिळत नाही.

त्या घरात काय चालतं, हे मिस्त्रीनं मला बोनेटवर रेघा ओढून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा हिस्सा ईजीआर नावाच्या व्हॉल्व्हमधून वळवून पुन्हा आत घेतात. त्यानं आतल्या जाळाचं तापमान उतरतं, आणि अति तापलं की हवेतल्या नायट्रोजनचे जे विषारी ऑक्साइड होतात ते कमी होतात. युक्ती सुंदर आहे. पण धुराबरोबर काजळी येते, वाटेत तिला तेलाची वाफ भेटते, आणि दोघी मिळून व्हॉल्व्हच्या गळ्यात मुक्काम ठोकतात. गळा अरुंद झाला की धूर कमी येतो, आणि दिवा लागतो. म्हणजे आमच्या गाडीची तक्रार नीट ऐकली तर अशी आहे: माझाच धूर मला पुरेसा प्यायला मिळत नाही, आणि मिळत नाही कारण आजवर तो फार प्यायले. इतकी गोल फिरून जागेवर येणारी तक्रार मी फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकली आहे.

व्हॉल्व्ह साफ होतो, दिवा विझतो, आणि काही महिन्यांनी परत लागतो. २०१३ सालची डिझेल गाडी. चिपळुणात तिचा दिनक्रम म्हणजे घर ते बाजार, बाजार ते बँक, बँक ते घर. इंजिन धड तापायच्या आत आम्ही पोचलेलो असतो. काजळीला याहून सुखाचं घर कुठलं? एका हुशार माणसानं मध्येच पत्र्याची पट्टी ठोकून ती वाटच बंद करण्याचा सल्ला दिला. पण मग धूर अजिबातच यायचा नाही, कोड आणखी जोरात ओरडायचा, म्हणून त्याला गप्प करायला कॉम्प्युटरचं डोकं फिरवून घ्यायचं, आणि वर तो विषारी वायू सगळ्या गावानं हुंगायचा. उपाय पटला नाही. आमच्या घरातून निघालेला उपाय त्याहून सभ्य होता: एके दिवशी गाडीत बसलो तर त्या दिव्यावर नेमकी बेतलेली एक मरून टिकली चिकटवलेली. मागून नारिंगी उजेड आल्यावर ती अशी काही खुलली, की आता लग्नाकार्याला जाताना दिवा विझलेला असला तर गाडी ओकीबोकी वाटते.

मामांना हा कोड सांगितला तेव्हाची गोष्ट. मामा पाटणकडचे, कोयनाकाठचे; आता पंच्याऐंशीच्या घरात, चिपळूणला लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर असतात. त्यांच्या आधी त्यांची नदी इथे आली. १९६० च्या दशकात धरण झालं, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळलं, पोफळीला वीज करून वाशिष्ठीला मिळालं. वाशिष्ठीच्या पुलावरून जाताना मामा अजून म्हणतात, "हे आमचं पाणी." नदीवर त्यांचं डिझेल इंजिन होतं, खडकीच्या कारखान्यातलं, उसाला पाणी द्यायला. उन्हाळी सुट्टीत आम्ही त्या आवाजात झोपायचो. रात्रभर धकधक चालायची आणि मामा घोरायचे; पण त्या आवाजात एक बारीकशी अडखळ आली की घोरणं थांबायचं. अंधारातच मामा ऐकायचे, "नोझल," म्हणायचे आणि कंदील घेऊन निघायचे. तिथे स्कॅनर नव्हता. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दूरच्या नातेवाइकाशी ट्रंक कॉलवर बोलणाऱ्याचा भाव येई.

"काय म्हनतंय मग तुझं यंत्र?" त्यांनी विचारलं.

"धूर कमी पडतोय म्हणतंय, मामा."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आमच्या जुन्या सैपाकघरात न्हेऊन लाव. तुझी मामी जलमभर प्याली. तिला कुठं दिवा हुता लागायला."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पुलावरच्या वाहतुकीकडे बघत राहिलो. कारण न कळणं तसं डिझेलच्या घराण्यातच आहे. ठिणगीवाचून, नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटवणारं इंजिन रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलं. तो १९१३ च्या २९ सप्टेंबरला अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर रात्री जेवून आपल्या खोलीकडे गेला, आणि सकाळी खोली रिकामी होती. पुढे समुद्रात त्याचं शव सापडलं. अपघात, आत्महत्या की आणखी काही, यावर अजून वाद आहे. पत्ता सापडला, कारण नाही.

आमच्या गाडीच्या स्मरणशक्तीची तऱ्हा मात्र हेवा वाटावा अशी आहे. बिघाड सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय ती सहसा दिवा लावत नाही. एकदा चुकलं तर सोडून देते. बिघाड नोंदला त्या क्षणाचं एक आकड्यांचं छायाचित्रही जपून ठेवते: वेग ताशी ३८, पाणी ८६ अंश, इंजिनाचे फेरे १७००. (माझ्या अंदाजानं बहादूरशेख नाक्याच्या आसपास, पुढे एसटी.) नंतर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या की दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन आणखी चाळीसेक वेळा गार होऊन तापलं की कोडही पुसला जातो. रागाला मुदत घालून देणारे इंजिनिअर कोण होते कोण जाणे, त्यांची घरं सुखाची असावीत.

शेवटी मिस्त्रीनंच खरं औषध सांगितलं. "तिला मोकळी सोडा जरा. माणसं बसवा आणि कुंभार्ली घाट खेचा तिसऱ्यावर. लोड पायजे." लोड म्हणून मामांची नेमणूक झाली. वजन पंचावन्न किलो, पण पद त्यांनी गंभीरपणे घेतलं. पोफळी मागे पडली की ते काच खाली करतात आणि कान बाहेर काढतात. वळणावर मी गिअर बदलायला गेलो तर "ऱ्हाऊ दे, वडतीय," असा हुकूम येतो. माथ्यावर चहा, मग हेळवाक, मग पाटणला नदीकाठी तास-दीड तास, जिथे त्यांचं इंजिन होतं तिथे आता विजेची मोटर आहे आणि तिच्यात ऐकण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत. परतताना इंजिनाचा आवाज खरंच सुटा होतो. मामांचाही. दिवा कधी विझतो, कधी नाही. आम्ही त्याचा फारसा आग्रह धरत नाही.

मात्र दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, भाव असं काही नाही, सरळ मुद्दा. गेल्या रविवारीही आला.

"दिवा?"

"नाही मामा, विझलेला आहे. महिना होत आला. या वेळी मिस्त्रीनं पाइपापासून सगळं खोलून साफ केलंय, आता वर्षभर बघायला नको म्हणाला."

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"मिस्त्री बदल," मामा म्हणाले.