विषय : योग्य त्या मार्गदर्शनाबाबत

नाशिकात इंदिरानगरला जा, सिडकोत जा, नाहीतर थेट नाशिकरोडला. दर दोन-चार इमारतींमागे एक अण्णा हमखास असतात. कोणी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, कोणी ओझरच्या एचएएलमधून, कोणी जिल्हा परिषदेतून. पण जातिवंत अण्णांची हयात आवक-जावक विभागात गेलेली असते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं, घरी आल्यावर मुलाने मोबाइल दिला. शाल कपाटात गेली. मोबाइल अण्णांनी सेवेत रुजू करून घेतला.

शोधाचा तो पांढरा चौकोन म्हणजे एखाद्या कार्यालयाची खिडकी आहे आणि पलीकडे साहेब बसलेत, अशी अण्णांची पक्की समजूत. त्यामुळे सातबारा शोधायचा तरी मजकूर असा : 'महोदय, मौजे पिंपळगाव येथे आमची वडिलोपार्जित जमीन असून सदर जमिनीचा उतारा कोणाकडे मिळेल याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.' खाली नाव, तारीख. उत्तरादाखल विनंती अर्जांचे नमुने येतात, प्लॉटच्या जाहिराती येतात, 'मार्गदर्शन' शब्दाला भुलून स्पर्धा परीक्षांचे क्लास येतात आणि महाराष्ट्रभरातली पिंपळगावं येतात. अण्णा सगळं उघडून वाचतात. आलेल्या कागदाची दखल घ्यायलाच हवी ना!

निफाडचा द्राक्षबागवाला पुतण्या हे बघून कळवळतो. "अण्णा, नुसतं 'डिजिटल सातबारा' टाका. गाव आणि गट नंबर ते आत गेल्यावर विचारतात." खरंच आहे, डिजिटल सहीचा तो उतारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो. पण अण्णांना दोन शब्दांत कामाला हात घालणं असभ्य वाटतं. "अरे, समोरच्याला काही पार्श्वभूमी?"

केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या बाईंनी 1972 मध्ये मांडून ठेवलं आहे, की जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो, त्याला शोधात वजन जास्त. जो सगळीकडेच असतो, त्याला जवळजवळ शून्य. या हिशेबाने 'सदर', 'कृपया', 'याबाबत', 'योग्य ती कार्यवाही' हा अण्णांचा चाळीस वर्षांचा ऐवज बिनवजनाचा ठरतो. हे त्यांना कोणी सांगू नये.

पुतण्याने या बाईंचं नाव ऐकलेलं नाही, पण नुसती 'भुरी' टाकली की गुलाब, वाटाणा, आंबा सगळ्यांची भुरी येते, हे तो अनुभवाने जाणतो. तो 'द्राक्ष भुरी फुलोरा फवारणी' असे चार शब्द टाकतो आणि बागेत निघून जातो. 'कांदा भाव' असं तो कधीच विचारत नाही. 'लासलगाव उन्हाळ कांदा आज' असं विचारतो, कारण लालचा भाव वेगळा. आणि पिंपळगाव हवं असेल तर 'पिंपळगाव बसवंत' हे दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत कोंडतो, म्हणजे बाकीची पिंपळगावं बाहेर राहतात.

2017 मध्ये मराठीत बोलून शोधायची सोय झाली आणि प्रकरण चिघळलं. अण्णा आधी "हॅलो, कोण बोलतंय?" विचारतात. मग थांबतात. तेवढ्यात आतून काकूंचं "चहा टाकू का?" त्यात मिसळतं आणि चहाचे सोळा प्रकार समोर येतात. "बघ," अण्णा काकूंना म्हणतात, "तुझी फाइल लगेच हलली."

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं, 'आपला प्रश्न थोडक्यात लिहा.' अण्णांच्या सेवेत थोडक्यात म्हणजे फुलस्केपची एक बाजू. 'मी आजमितीस हयात असून' अशी सुरुवात होते आणि 'हयात' नावाच्या पंचतारांकित हॉटेलांची यादी येते. शेवटी पुतण्याच 'जीवन प्रमाण' असं टाकून त्यांना जिवंत ठेवतो.

मला मात्र अण्णांची बाजू अगदीच चुकीची वाटत नाही. रविवार कारंजावर एखाद्याला दुकान विचारलं, तर तो आधी तुम्ही कुठले ते विचारतो, मग कोणाकडे आलात, मग डावीकडे वळायला सांगतो. अण्णा याच शहरात वाढले. चौकोन परगावचा आहे.

आणि आता काळ अण्णांकडे आलाय. नवी गप्पा मारणारी यंत्रं अख्खा अर्ज वाचतात. पुतण्याने सवयीने तिथेही चार शब्द टाकले, तर त्याला भुरीवर पानभर व्याख्यान मिळालं. अण्णांनी त्याच्याच बागेचं वय, छाटणीची तारीख, ढगाळ हवामान, आधीच्या फवारण्या असं सगळं 'सविनय' कळवलं आणि उत्तर नेमकं त्या बागेचं आलं. खात्री कृषी अधिकाऱ्यांकडून करून घ्या, ही नम्र सूचनाही वर. सोसायटीतली पोरं हल्ली मजकूर लिहून घ्यायला अण्णांकडे येतात.

अण्णांनी ते उत्तर चष्मा पुसून दोनदा वाचलं. भाषा पसंत पडली. मग खाली बोट ठेवून म्हणाले, "जावक क्रमांक नाही. परत पाठव."