कोरड्या गावचे पाहुणे

लेहमध्ये आमचा मुक्काम दोन रात्रींचा, आणि त्यातले पहिले चोवीस तास पांघरुणात. पुढं पँगाँगला जायचं तर आधी इथं गुमान पडून राहा, असा सहलवाल्यांचा हुकूम होता. चालायचं नाही, आंघोळ नको, बोलणंसुद्धा बेतानं. दाजींनी आंघोळीची अट लगेच मान्य केली.

दाजींचं नव्या मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून आमच्याकडं मुलगी बघायला आलेला पाहुणासुद्धा चहा येईस्तोवर सरळ वाण आणि संकरित यातला फरक सांगून जातो. जालना समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर, लेह साडेतीन हजार. दुपारी तिथं वारा पिसाळतो, म्हणून विमानांची बहुतेक ये-जा सकाळीच उरकतात. आम्हीही दिल्लीहून भल्या पहाटे उडालो आणि न्याहारीच्या वेळेला आभाळाला टेकलो. इथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच. खोलीत बॅग उघडली तर बहिणीनं दिलेली चिवड्याची पाकिटं टम्म फुगलेली.

"पाहुणे, पाकिटाला हवा पुरतीय," दाजी पडल्या पडल्या म्हणाले, "मग मलाच का कमी पडून राहिली?"

दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो. जो भेटेल तो "जुले" म्हणे. नमस्कारही जुले, आभारही जुले, निरोपही जुलेच. दाजींनी प्रत्येकाला "राम राम" घातला आणि व्यवहार दोन्हीकडून बिनबोभाट झाला.

राजवाडा गावाच्या डोक्यावर आहे. नऊ मजल्यांचा, सतराव्या शतकातला, राजा सेंग्गे नामग्यालच्या काळचा. 1834 साली जम्मूहून डोगरा फौज आली, आणि पुढं राजघराणं सिंधूपलीकडं स्तोकला राहायला गेलं. दाजींना ते का गेले हे तिसऱ्या वळणावरच कळलं. "फौजेचं निमित्त असंल," ते दगडावर बसत म्हणाले, "खरं कारण हा चढ." देवगिरीची अंधारी एका दमात चढलेला माणूस इथं वीस पावलांना एक बैठक मारत होता. सत्तरीची एक लडाखी आजी पाठीवर गवताचा भारा घेऊन आमच्या बाजूनं वर गेली. दाजींनी मान वळवून हिमशिखरं बघायला घेतली.

खाली एका घरी चहा मिळाला. नाव गुरगुर. उंच लाकडी नळकांड्यात चहा, लोणी आणि मीठ घालून दांड्यानं घुसळतात, तेव्हा जो आवाज होतो तेच त्याचं नाव. दाजींनी घोट घेतला, थांबले, कपात डोकावले. "हा चहा नाही, पाहुणे. ही वरणाची धाकटी बहीण." मग मात्र सोबतची खमीर रोटी त्यात बुडवून तीन कप प्याले.

पण दाजी खरे रमले ते पाण्यात. लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे शंभर मिलिमीटर. आपल्याकडं त्याच्या सहा-सात पट पडतो, आणि तरी 2012-13 ला मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या आम्ही पाहिल्यात. इथं मात्र वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटानं खळखळत सातूच्या वावरात शिरत होतं. घरमालकानं सांगितलं की खेड्यांत पाण्याच्या पाळ्या लावायला एक माणूस नेमतात, त्याला छुरपोन म्हणतात.

"आणि पाळी सोडून कुणी पाणी फोडलं तर?"

छुरपोन बघून घेतो, मालक म्हणाला. दाजींनी मोठा सुस्कारा सोडला. पहिल्यांदाच तो उंचीमुळं नव्हता.

मग मालकानं जुना संडास दाखवला. वरच्या मजल्यावर खोली, मातीच्या जमिनीला एक भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती लोटायची. पाण्याचा थेंब लागत नाही. खालच्या खोलीत साचतं ते खत होऊन वसंतात शेतात जातं. राजवाड्यात पाच मिनिटं काढलेला माणूस इथं पाऊण तास रेंगाळला. वितींनी भोक मोजलं, माती चुरगाळून पाहिली, खालच्या खोलीत टॉर्च मारला, फोटो काढले. सरपणाची राख टाकतात का, खत किती महिन्यांत उतरतं, वास कसा नाही, सगळं विचारून घेतलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"काय काय पाहिलं मग?"

"संडास," दाजी भारावून म्हणाले. "अगं, पाणीच लागत नाही!"

पलीकडं जरा वेळ शांतता.

"बरं. इकडं आज नळ आला होता," बहीण म्हणाली. "तुमच्या वाटणीच्या दोन घागरी भरून ठेवल्यात."