वजन दस्त्यातून काढा, नेमातून नको

रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस दिवसभर चढतो आणि गोळी झाडतो ती फार तर एकदा. बाकी सगळा वेळ रायफल नुसती वाहायची असते. नेहमीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल दुर्बीण, पट्टा आणि काडतुसं धरून चार किलोंच्या घरात जाते. ती हलकी हवी, ही मागणी रास्तच आहे. पण अमेरिकेत आता ग्रॅम-ग्रॅमसाठी जी चढाओढ चालते, ती रास्त नाही.

हलक्या रायफलीचा ध्यास जुना आहे. विंचेस्टर कंपनीने १९५२ मध्ये ‘मॉडेल ७०’ रायफलीची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली. तिची नळी बारीक आणि २२ इंचांची होती, चापाभोवतीची कडी अ‍ॅल्युमिनियमची होती. वजन उतरलं तीन किलोंच्या आसपास. पुढे १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या रायफली बनवणाऱ्या मेल्विन फोर्ब्ज यांनी खरी वाट दाखवली. अक्रोडाचा दस्ता किलोभर भरतो. त्यांनी केव्हलार आणि कार्बन फायबरचा दस्ता अर्ध्या किलोच्या आसपास आणला, अ‍ॅक्शन (काडतूस नळीत सरकवून झाडणारी यंत्रणा) काडतुसाच्या लांबीला बेतली आणि दुर्बिणीशिवाय सव्वादोन किलोंची रायफल उभी केली.

मात्र वजन उतरलं की त्याची किंमत खांदा देतो. काडतूस तेच ठेवून चार किलोंची रायफल तीन किलोंवर आणा, धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. असे चार दणके बसले की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आकसतो आणि नेम ढळतो. त्यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावतात. धक्का कमी होतो, पण स्फोटाचा आवाज बाजूंना आणि मागे फेकला जाऊन कानांवर आदळतो. शिवाय चढण चढून धाप लागलेल्या हातात हलकी रायफल जास्त डुलते, आणि बारीक नळी मोजक्या गोळ्यांतच तापते.

हे सगळं शिकाऱ्याच्या खांद्यापुरतं असतं तर त्याचं त्याने पाहिलं असतं. पण ढळलेला नेम एल्कच्या पोटात शिरतो. फुफ्फुसात गोळी बसली तर जनावर लवकर संपतं. पोटात बसली तर ते तासन्‌तास तडफडतं, कित्येकदा झाडीत जाऊन मरतं आणि शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. ग्रॅम मोजण्याच्या हौसेपायी एका जिवाने हे भोगावं, याला कोणतंही समर्थन नाही.

म्हणून छाटणीला क्रम हवा. आधी दुर्बीण: मोठ्या भिंगाची जाडजूड दुर्बीण ७०० ग्रॅमपर्यंत जाते, तर ३-९×४० ची साधी दुर्बीण ३५० ग्रॅमच्या आसपास भागवते. मग दस्ता. मग दुर्बिणीची कडी आणि इतर किरकोळ धातुकाम. नळीला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, आणि शक्यतो लावूच नये. तरीही ओझं वाटलं तर पाठीवरच्या पिशवीतलं सामान कमी करा.

बसून, पालथं पडून आणि उभ्याने गोळी झाडून पाहा. ज्या वजनाला धक्क्याची भीती उरत नाही आणि गोळी ठरल्या जागी बसते, तिथे थांबा. त्याखालचा एक ग्रॅमही जनावराच्या वेदनेतून वसूल होतो.