खाजवालंय कशानं?

कोल्हापुरात माणूस आजारी पडला तर त्याला डॉक्टरकडं नेतात, कुत्रं आजारी पडलं तर आधी गल्लीचं मत घेतात. आमचा खंड्या जातीनं लॅब्रॅडॉर आणि वृत्तीनं मंगळवार पेठेचा. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि तो कानामागं खरवडायला लागला, पंजे चाटून चाटून लाल करायला लागला. दारावरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "खाजवालंय कशानं?" आणि आम्ही तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकायचा.

समोरच्या बापूंचं निदान एका शब्दाचं होतं: उष्णता. बापूंच्या जगात डोकेदुखीपासून सत्तांतरापर्यंत सगळं उष्णतेनंच होतं. कोपऱ्यावरच्या काकूंनी कडुलिंबाचा पाला आणून दिला, वर "ह्यानं न्हाई गेलं तर दृष्ट काढा" अशी पुढची सोयही सांगून ठेवली. तालमीतल्या पोरांना वाटलं, व्यायाम कमी पडतोय. ज्यांच्या गच्चीवर गळीत हंगामात जळक्या उसाच्या पाल्याची काजळी येऊन पडते, त्यांनी साखर कारखान्यावर बोट ठेवलं. हंगाम संपून बरेच दिवस झाले होते, ही बाब त्यांना किरकोळ वाटली. आणि ज्या वहिनींचं मागच्या आळीतल्या मांजरवाल्यांशी बरेच दिवस बोलणं नाही, त्या म्हणाल्या, "पिसवा. त्या मांजराच्याच." कुत्रं आमचं होतं, पण आरोपी ज्याचा त्यानं आपापल्या घरून आणला होता.

वहिनींचा मुद्दा मात्र मला गप्प करून गेला. कुत्र्यांच्या अंगावर जगभर सगळ्यात जास्त सापडणारी पिसू ही खरोखरच 'मांजरपिसू' म्हणून ओळखली जाते. तिच्या शास्त्रीय नावातलं 'फेलिस' मांजराचंच. वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही. गल्लीत शांतता राहिलेली बरी.

शेवटी डॉक्टरांकडं गेलो. ते शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेले, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांनी 'कशानं' हा प्रश्न विचारलाच नाही. 'कुठं' विचारलं, 'कधीपासून' विचारलं, आणि घरात आणखी कुणाला खाज सुटलीय का, हेही विचारलं. कुत्रं कुठं खाजवतं यावर निम्मा तपास असतो म्हणे. कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी जोर असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानाच्या कडा आणि कोपरं धरली असतील तर खरजेचा किडा. पंजे, काखा, पोट, कान असं असेल तर अ‍ॅलर्जी. मग ती खाण्यातली की हवेतली, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी खंड्याच्या कानाची कड चिमटीत धरून चोळली आणि नजर ठेवली मागच्या पायाकडं. खरूज असेल तर बहुतेक वेळा तो पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागतो. खंड्याचा पाय हलला नाही, शेपूट तेवढी हलली. मग पात्यानं थोडी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. तिथंही कुणी सापडलं नाही.

पिसवांची चाचणी मात्र घरी करण्यासारखी आहे. पांढऱ्या कागदावर कुत्र्याला विंचरायचं, पडलेले काळे कण ओल्या कापसानं पुसायचे. माती असेल तर मातीच राहते, पिसवांची विष्ठा असेल तर तांबूस डाग उमटतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. आमच्या कागदावर काहीच उमटलं नाही. तरीही डॉक्टरांनी पिसवांची गोळी दिलीच. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला थोडे चावेही पुरतात. शिवाय अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात, सतरंजीत, फरशीच्या फटीत बसलेल्या. "अंथरुणं उन्हात टाका," डॉक्टर म्हणाले. आषाढात कोल्हापुरात ऊन कुठून आणायचं, ते काही बोलले नाहीत.

गोळीनं फरक पडला नाही. मग आला खाण्याचा तपास, आणि तिथं खरी कसोटी लागली. खंड्याची कमी, पेठेची जास्त.

अन्नाची अ‍ॅलर्जी रक्ताच्या तपासणीत भरवशानं कळत नाही. उपाय एकच: कुत्र्यानं पूर्वी कधीच न खाल्लेलं असं काहीतरी साधारण आठ आठवडे द्यायचं आणि दुसरं काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. 2016 साली 297 अ‍ॅलर्जिक कुत्र्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात गोमांस 34 टक्के, दूधदुभतं 17, चिकन 15, गहू 13 असे गुन्हेगार निघाले आणि मेंढीचं मांस अवघं 5 टक्क्यांवर. हे आकडे सांगितल्यावर बापूंचा चेहरा उजळला. "बघा, मटण निर्दोष हाय!" निर्दोष असेल, पण तपासाच्या कामाचं नाही. परदेशी पुस्तकांत बदक, हरीण, कांगारू असं काहीबाही सुचवलेलं असतं. मंगळवार पेठेतल्या कुत्र्यानं न खाल्लेलं असं काय उरतं? अखेर डॉक्टरांनी एक तयार खाद्य लिहून दिलं. त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराला ती ओळखूच येत नाहीत. किंमत ऐकून आम्हीही क्षणभर कुणाला ओळखू आलो नसतो.

खंड्या शहाण्यासारखा ते तुकडे खायला लागला. पेठ मात्र बधेना. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी भाकरीचा कोर, रविवारी रश्श्यातलं हाड. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो म्हणून रश्श्याला आमचा आधीपासूनच विरोध. पण हाड स्वच्छ धुऊन दिल्याचं सांगितल्यावर कुणाशी भांडायचं? मी त्याच्या गळ्यात 'मला खायला घालू नये' अशी पाटी अडकवली. काकूंनी ती चष्मा लावून वाचली आणि बिस्किट पुढं केलं. म्हणाल्या, "वाचता येतंय वो मला. पर त्याचं त्वांड बघवत न्हाई." शेवटी पाटी काढून खंड्यालाच घरात ठेवलं आणि आठवडे पहिल्यापासून मोजायला घेतले.

खाज निम्म्यानं उतरली. इथं पुष्कळ जण थांबतात, पण तपास अजून अर्धाच असतो. जुनं खाणं एकेक करून परत द्यायचं, प्रत्येकाला दोनेक आठवडे, आणि खाज परतते का ते बघायचं. एवढ्या आनंदानं पार पडलेलं वैद्यकीय काम मी दुसरं पाहिलेलं नाही. मटण दिलं, काही झालं नाही. चिकन, काही नाही. भाकरी, खारी, काही नाही. मग माझ्यासोबत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेऊन पूर्वीसारखं धारोष्ण म्हशीचं दूध पाजलं आणि दोन-चार दिवसांत पंजे पुन्हा लाल. ज्या दुधावर पैलवान पोसले, ते आमच्या लॅब्रॅडॉरला सोसत नव्हतं. तालमीतल्या पोरांनी ही बातमी फार मनाला लावून घेतली.

उरलेल्या निम्म्या खाजेचं उत्तर घरातच होतं. गाद्यांमध्ये धुळीतले बारीक किडे असतात. ते चावत नाहीत, आपल्या गळलेल्या कातडीवर जगतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. त्यात भिंतीची ओल, तिच्यावरची बुरशी. लॅब्रॅडॉरला या हवेतल्या अ‍ॅलर्जीची खोड पुष्कळदा जन्मजात असते. ती पुरती जात नाही, आटोक्यात ठेवायची असते. फिरून आल्यावर पंजे पुसून कोरडे करायचे, डॉक्टरांच्या शाम्पूनं अंघोळ, पावसाळ्यात गरज पडली तर गोळी.

हे सगळं मी बापूंना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे हितली हवाच सोसंना म्हणा की त्याला."

"तसंच म्हणायचं."

"मग पुण्याला धाडा की. तुमची भैन हाय न्हवं तिथं?" एवढं बोलून बापूंनी खंड्याकडं बघितलं आणि स्वतःच मान हलवली. "नगं. तिथं मटणात साखर घालत्यात."